कायद्याचा सल्ला: दूषित द्रवामुळे झालेला संसर्ग

प्रश्न: फरशी पुसण्याच्या द्रवामुळे आईच्या बोटावरील चिरेत स्यूडोमोनास जिवाणूचा संसर्ग झाला, असा आम्हाला संशय आहे. भरपाई मागता येईल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर: होय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सदोष उत्पादनामुळे झालेल्या इजेची भरपाई मागता येते आणि आपण सोलापुरात राहत असल्याने तक्रार येथील जिल्हा ग्राहक आयोगातच, दोन वर्षांच्या आत, दाखल करता येईल. खरी कसोटी पुराव्याची आहे: जखमेच्या स्रावात सापडलेला जिवाणू बाटलीतही सापडावा लागतो. म्हणून तळाशी दोन बोटे द्रव उरलेली ती बाटली कृपया धुऊ नका. बॅच क्रमांकाचे लेबल, पावती आणि कल्चर अहवालासह (जखमेच्या स्रावातील जिवाणूंच्या तपासणीचा अहवाल) जपा. आयोग नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. आईंचे उपचार मात्र क्षणभरही थांबवू नका.