‘फ्लडलँड’मधल्या गायकाला खरेच गाता येते का?

‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ या ब्रिटिश रॉक बँडच्या १९८७ सालच्या ‘फ्लडलँड’ अल्बममधला तो खोल आवाज खरा आहे का आणि सरावाने तसा काढता येईल का, असे आपण विचारले आहे. आवाज बँडचे गायक अँड्र्यू एल्ड्रिच यांचा स्वतःचा आहे. यंत्र आहे ते तालाचे. त्या ड्रम मशीनला बँडने ‘डॉक्टर अव्हॅलांच’ असे नावही दिले आहे.

त्यांना गाता येत नाही, हे मत मात्र मला सहन होत नाही. ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या आमच्या घरी मी काकांकडे गाणे शिकत असताना या अल्बमची कॅसेट माझ्या हाती आली. काका ग्वाल्हेर गायकीचे, मोकळ्या गळ्याने लावलेल्या ‘आ’काराचे कट्टर अभिमानी. दोन मिनिटे ऐकून ते म्हणाले, “हा गात नाही, पुटपुटतो.” खर्ज म्हणजे अगदी खालच्या स्वरांचा रियाज. मी विचारले, “मग रोज पहाटे तुम्ही मला अर्धा तास खर्ज लावायला का बसवता?” त्यावर ते म्हणाले, “खर्ज म्हणजे पाया. पायात कोणी राहायला जात नाही.” मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणे मला आजही खुपते.

कारण एल्ड्रिच पायातच राहतात. मोजक्या, खालच्या स्वरांवर ते स्थिर उभे राहतात, शब्द स्पष्ट ठेवतात आणि यंत्राच्या न हलणाऱ्या लयीवर ते नेमके टाकतात. उंची त्यांनी इतरांवर सोपवली आहे. जिम स्टाइनमन यांनी निर्मिती केलेल्या, सुमारे अकरा मिनिटांच्या ‘दिस कोरोजन’मध्ये वर चाळीसएक गायकांचा कोरस घुमतो आणि खाली हा एकटा आवाज तो सगळा भार पेलतो. तान नाही म्हणून याला गाणे न म्हणणे हा निव्वळ हट्ट आहे. असे म्हणणाऱ्याला आपण मंद्र पंचमावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या ‘प’वर, श्वास न फुटू देता, एक पूर्ण ओळ म्हणून दाखवायला सांगावे. काकांना मी तेच सांगायला हवे होते.

आपल्यापुरते सांगायचे तर तानपुऱ्यावर पहाटे खर्ज लावा आणि मायक्रोफोन ओठांजवळ घ्या, म्हणजे खालचा नाद भरून येतो. गळा दाबून आवाज खाली ढकलू नका; स्वरतंतूंची लांबी-जाडी ज्याच्या त्याच्या शरीराच्या ठेवणीप्रमाणे असते, त्यामुळे प्रत्येकाला इतके खाली जाता येणार नाही. आणि एल्ड्रिच यांना ‘गॉथ’, म्हणजे काळोख्या, उदास सुराच्या रॉक संगीतातले, म्हटलेले आवडत नाही, हेही ध्यानात असू द्या.