रक्तातच आहे का याच्या?

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजूची एक आई समोर बसली होती. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) साल 2019. पंधरा वर्षांच्या तिच्या मुलाने दोन मित्रांसोबत उभ्या ट्रकांच्या बॅटऱ्या काढून भंगारात विकल्या होत्या. बाल न्याय मंडळाने समज देऊन माझ्याकडे समुपदेशनाला पाठवलं होतं. नवरा घरफोडीच्या शिक्षेवर कोलवाळच्या तुरुंगात. बाई माझ्याशी मराठीत बोलत होती, पण मनातला प्रश्न आला तो कोकणीतच: "मॅडम, हाच्या रगतांतच आसा काय?"

दारू, मारझोड, चोरी, काहीही असो, हा प्रश्न ठरलेला. त्या घरात तर प्रत्येकाचं निदान तयार होतं. आजी म्हणे, कपाळ बापाचं, गुणही बापाचेच. शाळा म्हणे, डोक्यात काहीतरी आहे, कुठे दाखवा. मामा म्हणे, खाणी बंद, संगत वाईट, पोर करणार काय? गुन्ह्याच्या अभ्यासकांतही फार काळ हेच तीन पक्ष भांडत आले आहेत, फक्त त्यांची भाषा जड.

आजीचं कपाळ आधी घेते. 1876 मध्ये लोंब्रोझो नावाच्या इटालियन डॉक्टरने हेच म्हटलं होतं: कवटी, जबडा, कान बघा, गुन्हेगार ओळखू येतो. 1913 मध्ये इंग्लंडच्या गोरिंग नावाच्या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापं प्रसिद्ध केली आणि तसला वेगळा साचा काही सापडला नाही. आपल्याकडे इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण त्या लोकांकडे बघायची नजर अजून गेलेली नाही.

तरीही "रक्ताचं काही नसतं" असं मी त्या बाईला सांगितलं नाही, कारण ते खोटं ठरलं असतं. डेन्मार्कमध्ये चौदा हजारांहून जास्त दत्तक मुलांचा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मदाते आणि दत्तक घेणारे पालक दोघेही निर्दोष असलेल्या मुलग्यांत साडेतेरा टक्के पुढे दोषी ठरले. फक्त जन्मदात्यांना शिक्षा झालेली असेल तर वीस टक्के. फरक आहे, आणि तो चोरीसारख्या गुन्ह्यांत दिसला, हिंसेत नाही. ऐकून बाईचा चेहरा उतरला. मी म्हटलं, आता उलट मोजा. शंभरातले ऐंशी एकदाही दोषी ठरले नाहीत.

मग तिला नवऱ्याबद्दल विचारलं. कर्ज काढून घेतलेला खनिजाचा ट्रक. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता आणि तोवर पोलिसांशी संबंध आला असेल तर तालांव, म्हणजे वाहतूक पोलिसांचा दंड, भरण्यापुरता. हप्ते थकले, मटका सुरू झाला, मग पहिली चोरी. "रक्त तर 2012 च्या आधीही तेच होतं ना?" ती बराच वेळ काही बोलली नाही.

इथे मामाला वाटलं आपण जिंकलो. पण शेकडो ट्रक दारात उभे होते, सगळ्यांनी घरं फोडली नाहीत. मुलाची थोरली बहीण त्याच घरातली, तिचं सगळं सुरळीत. परिस्थिती दार उघडते एवढं खरं. कोण आत जाईल ते ती सांगत नाही. संगतीचं म्हणणं मात्र मला पटतं. बॅटरी कुठल्या पान्याने सुटते आणि कुठला भंगारवाला काही विचारत नाही, हे कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

मनाच्या बाबतीत चूक माझी झाली. बाप दुरावलेला, म्हणजे मूळ तिथेच, असं मी धरून चालले. बोल्बी नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 मध्ये 44 चोर मुलांवर लिहिलं, त्यात लहानपणी आईपासून झालेल्या ताटातुटीवर भर होता. आमच्या पिढीच्या डोक्यात ते पक्कं बसलंय. (मुलं तपासणारा आणि निदान करणारा तो स्वतःच होता, हे आम्ही सोयीने विसरतो.) दोन बैठका मी बापाबद्दल विचारत राहिले आणि पोरगा पंख्याकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा म्हणाला, "बाबा नाही तेच बरंय, मारायचा." आणि मग, "वर्गात काही हरवलं की बॅग माझीच उघडतात. चोरी केली नव्हती तेव्हापासून."

आठवीपासून हे चाललं होतं. घरी आजीचं "बापायभशेन" (बापासारखाच) रोजचं. बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये मांडलं होतं की शिक्का बसला की माणूस हळूहळू त्या शिक्क्यासारखा वागू लागतो. हाही सगळ्याचा उलगडा नव्हे, शिक्का नसतानाही लोक चोरी करतात. पण या मुलाची पहिली चोरी शिक्क्यानंतरची होती, आणि घरापुरतं बोलायचं तर तेवढीच गोष्ट आमच्या हातात होती. रक्त बदलता येत नव्हतं, खाणी मी सुरू करू शकत नव्हते.

आणखी एक बघितलं: सुरुवात कधीची? मॉफिट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1993 मध्ये दाखवलेला भेद मला फार कामाचा वाटतो. अगदी लहानपणापासून मारामारी, खोड्या, चोऱ्या करत आलेली मुलं थोडी, त्यांची काळजी जास्त. किशोरवयात घसरलेली पुष्कळ, त्यातली बहुतेक पुढे सावरतात. हा दुसऱ्यांतला.

केलं ते साधंच. मुख्याध्यापकांना भेटले: बॅगा तपासायच्या तर सगळ्यांच्या, नाहीतर कुणाचीच नाही. 2015 चा बाल न्याय कायदासुद्धा अशा मुलांना गुन्हेगार म्हणू नका सांगतो, हे आजीला समजावलं. तिने कायद्याला जुमानलं नाही, लेकीच्या रडण्याला जुमानलं. मामाने भाषण थांबवून चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी त्याला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळा-पानांचं, सामान आणायला रानात नेलं.

दोन वर्षांनी बाईचा फोन. आवाज तसाच घाबरलेला. पोराला मित्राच्या स्कूटरवर लायसन्सशिवाय पकडलं होतं. मी श्वास रोखून तो जुना प्रश्न यायची वाट बघितली.

"मॅडम," ती म्हणाली, "तालांव कितीचा बसेल हो?"