स्पोर्ट एटीव्हीला (ऑफ-रोड चारचाकी बाइकला) मागे लिंकेज ठेवावं की नो-लिंक शॉक लावावा?

लिंकेज म्हणजे शॉक (शॉक-अब्सॉर्बर) आणि स्विंगआर्म (मागची चाकं धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) यांना जोडणाऱ्या छोट्या दांड्या; नो-लिंकमध्ये शॉक थेट स्विंगआर्मला जोडतात. उड्यांच्या ट्रॅकवर चालवणार असाल तर लिंकेजच ठेवा. सतत चिखल-पाण्यात फिरत असाल तरच नो-लिंकचा विचार करा. लिंकेजमुळे चाक जितकं वर जातं तितका शॉक जास्त वेगाने दबतो: सुरुवातीला मऊ, शेवटी कडक. नो-लिंकमध्ये हे सगळं स्प्रिंग आणि व्हॉल्व्हिंगवर (शॉकमधल्या तेलाचा प्रवाह आवरणाऱ्या झडपांवर) येतं, म्हणून मूळ शॉक थेट स्विंगआर्मला जोडून चालत नाही. लिंकेजचं खरं दुखणं म्हणजे त्याच्या सांध्यांतली नीडल बेअरिंग (बारीक सुईसारख्या रोलरची बेअरिंग). मागची चाकं अधांतरी करून स्विंगआर्म वर-खाली हलवा; ‘टक्’ वाजलं की बेअरिंग किंवा बुश झिजलंय. मात्र उंची कमी करायला नुसती लिंक बदललीत तर कडकपणाचं गणितही बिघडतं. त्यानंतर सॅग (वजनाने सस्पेन्शन किती खाली बसतं ते) पुन्हा लावा, स्वार बसल्यावर ट्रॅव्हलच्या (चाकाच्या एकूण वर-खाली हालचालीच्या) साधारण 30 टक्के.