विद्यापीठातला अण्णांचा लिंब आणि बाक: हक्क कुणाचा?

प्रश्न: माझे वडील मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात प्रयोगशाळा सहायक होते. २०१८च्या उन्हाळ्यात ते गेले. थोडी रक्षा पैठणला गोदावरीत सोडली. उरलेली त्यांच्या विभागासमोर खड्डा घेऊन त्यात टाकली आणि वर कडुलिंबाचं रोप लावलं. शेजारी दगडी बाक बसवण्यासाठी विद्यापीठाला ३५ हजारांचा चेक दिला. बाकावर अण्णांच्या नावाची पितळी पाटी आहे. त्या वर्षी पावसाने दगा दिला, तेव्हा घरून कॅन नेऊन झाड जगवलं. आता तिथे नवी इमारत होणार आहे म्हणतात. झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाने नंबर टाकलाय. पावतीवर फक्त ‘देणगी’ लिहिलंय, पण तेव्हाच्या विभागप्रमुखांनी ‘वृक्ष व बाक कायमस्वरूपी जतन केले जातील’ असं पत्र दिलं होतं. कोर्टातून स्टे मिळेल का? निदान पैसे तरी परत मिळतील का? धाकटा भाऊ म्हणतो, पार बांधून मारुती बसवू, मग कोण हात लावतंय बघू. (नाव छापू नये. – एक वाचक, लातूर)

उत्तर: ताई, स्टे मिळणं अवघड आहे आणि पैसे परत मिळणं त्याहून अवघड. झाड आणि बाक मात्र वाचू शकतात, पण त्यासाठी भांडायचं कशावरून हे आधी ठरवावं लागेल. ‘ते आमचं आहे’ या मुद्द्यावर तुम्ही हराल.

आधी भावाचं. त्यांना आजच फोन करून थांबवा. सार्वजनिक जागेवर नवीन अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ द्यायचं नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला आहे, आणि तो प्रत्येक कलेक्टर ऑफिसला पाठ आहे. मारुती बसला की विद्यापीठाच्या हातात तुमच्याविरुद्ध तक्रार करायला आयतं कारण येईल. आज तुमच्या बाजूने बोलणारे अण्णांचे जुने सहकारीही मग गप्प बसतील. रक्षा पुरली म्हणून ती जागा कायद्याच्या दृष्टीने समाधी किंवा दफनभूमी होत नाही, हेही त्यांना सांगा.

आता मालकी. दुसऱ्याच्या जमिनीत, त्याच्या संमतीने लावलेलं झाड जमिनीच्या मालकाचं होतं. पाणी कुणी घातलं यावरून मालकी ठरत नाही. बाकाचे पैसे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम १२२प्रमाणे दान आहे. ते स्वीकारलं गेलं, बाक बसला, दान पूर्ण झालं. दान मागे घेण्याची वाट कलम १२६ मध्ये आहे, पण अरुंद. देताना दोघांनी मिळून ठरवलेलं असावं लागतं की अमुक घडलं तर दान रद्द होईल, आणि ते घडणं देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसावं. ‘इमारत आली तर पैसे परत’ असं तेव्हा कुणी लिहून घेतलेलं नाही. आणखी एक विचारतो: २०१८-१९च्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये या रकमेवर ८०जी ची, म्हणजे देणगीवर मिळणारी, करसवलत घेतली होती का? घेतली असेल तर ‘ही देणगी नव्हती, नावाच्या पाटीची किंमत होती’ हे तोंडातून काढूही नका. ग्राहक आयोगाचा दरवाजाही याच कारणाने बंद आहे. देणगीदार हा ग्राहक नसतो.

कुणी हुशार वकील तुम्हाला सुखाधिकार अधिनियमाचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या वापराबद्दलच्या कायद्याचं, कलम ६० दाखवील. दुसऱ्याच्या जमिनीवर परवानगीने, स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं तर ती परवानगी मालकाला मागे घेता येत नाही, असं ते कलम म्हणतं. ऐकायला ते तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं. पण ते संरक्षण जागा स्वतः वापरणाऱ्याला आहे. तुम्ही तो बाक वापरायला बसवला नाही, विद्यापीठाला देऊन टाकला. या मुद्द्यावर वर्षानुवर्षं तारखा घेता येतील, फी मात्र नक्की द्यावी लागेल.

विभागप्रमुखांच्या पत्राचं काय? पत्र खरं, पण विद्यापीठाच्या जमिनीवर ‘कायमस्वरूपी’ काय राहील हे विभागप्रमुख ठरवू शकत नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे मालमत्तेचा कारभार व्यवस्थापन परिषदेकडे असतो. म्हणून हे पत्र कोर्टात बंधनकारक करार म्हणून टिकणार नाही. तरीही ते लॅमिनेट करून ठेवा, कारण कुलसचिवांच्या टेबलावर त्याला वजन आहे. विद्यापीठ हे राज्यघटनेच्या अनुच्छेद १२ खालचं ‘राज्य’ आहे, त्यामुळे त्याला मनमानी करता येत नाही. विद्यापीठाच्याच अधिकाऱ्याने दिलेला शब्द मोडताना निदान तुमचं म्हणणं ऐकून घ्या, एवढं तुम्ही हक्काने म्हणू शकता. हायकोर्टाच्या आपल्याकडच्या खंडपीठात रिट याचिका करायला कुणी अडवणार नाही, पण न्यायमूर्तींचा पहिला प्रश्न ‘तुमचा हक्क कोणता?’ हाच असेल.

खरा आधार झाडाच्या कायद्यात आहे, आणि तिथे मालकीचा प्रश्नच येत नाही. परिसर महापालिका किंवा नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. विद्यापीठालाही परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची आणि झाडावरही नोटीस चिकटवायची. हरकत कुणीही नागरिक घेऊ शकतो. लाल नंबर म्हणजे परवानगी नव्हे. बहुतेक वेळा ती नुसती मोजणी असते. २०२१च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवीन झाडं लावावी लागतात. या हिशेबामुळे पुनर्रोपण स्वस्त वाटू लागतं. हरकत लेखी द्या आणि त्यात मागणी एकच ठेवा: झाड तोडू नका, मुळासकट हलवा. लिंबासारखं चिवट झाड या वयात हलवलं तर जगण्याची आशा चांगली असते. फक्त ते पावसाच्या तोंडावर व्हावं, एप्रिलच्या उन्हात नव्हे. मराठवाड्यात हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही, तरी अर्जात लिहा.

परिसर ग्रामपंचायत हद्दीत असेल तर हा आधार बराच लुळा पडतो. तिथे १९६४चा वृक्षतोड कायदा चालतो. त्यात आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशा ठरावीक जातींनाच संरक्षण आहे, आणि लिंब त्या यादीत नाही. म्हणून पहिलं काम हद्द कुठली हे तपासणं.

दुसरं काम अर्ज. नावे कुलसचिव, प्रत कुलगुरू, मालमत्ता विभाग आणि उद्यान विभागाला. सोबत पावती, विभागप्रमुखांचं पत्र आणि झाड-बाकाचे तारखेसह फोटो जोडा. सह्या आईसह सगळ्या भावंडांच्या घ्या, नाहीतर उद्या कुणी एक जण वेगळंच मागेल आणि फाइल तिथेच थांबेल. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मजकूर साधा ठेवा: ‘आमचा इमारतीला विरोध नाही. बाक पाटीसह पर्यायी जागी बसवावा, लिंबाचं पुनर्रोपण करावं, आणि ही जागा निदान अमुक वर्षं राखली जाईल असा व्यवस्थापन परिषदेचा ठराव आम्हाला द्यावा. ते शक्य नसेल तर पाटी सन्मानाने परत द्यावी.’ ‘कायमस्वरूपी’चा आग्रह धरू नका. ठरावीक वर्षांची हमी अधिकारी लिहून देतात, कायमची देताना कचरतात. पुनर्रोपणाचा थोडा खर्च उचलायची तयारी असेल तर तेही लिहा. मान खाली घालण्यासारखं त्यात काही नाही.

अर्जासोबतच माहिती अधिकारातही विचारा. इमारतीचा मंजूर नकाशा, झाडांची यादी आणि वृक्ष प्राधिकरणाकडे केलेला अर्ज, यांच्या प्रती मागा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करा. झाडावर नोटीस लागल्याचं मात्र कुणी घरी येऊन सांगणार नाही, तेव्हा परिसरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला रोज जाता-येता बुंध्याकडे बघायला सांगून ठेवा.