‘कुंबळे खेळला होता, मग हा का नाही?’

न्यू जर्सीहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात मजकूर असा:

‘माझा मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू, आहे. दोन वर्षं बाकावर काढल्यावर यंदा त्याला पहिल्या मिनिटापासून खेळायला मिळतंय. निम्मी फी स्कॉलरशिपमधून जाते. गेल्या शनिवारी त्याला उजव्या खांद्यावर जोरात पाडलं. व्हिडिओ कॉलवर तो डाव्या हाताने कॉफी पीत होता, म्हणून मी खोदून विचारलं. म्हणाला, हातात वीज गेल्यासारखं झालं होतं. अंगठा आणि शेजारचं बोट अजून बधिर आहे. ट्रेनरला मात्र “ठीक आहे” म्हणून सांगितलंय. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही. येत्या शनिवारी हंगामातला शेवटचा आणि सगळ्यात मोठा सामना आहे, जुन्या प्रतिस्पर्धी कॉलेजशी. आमचे चौदा जण बघायला जाणार आहेत. त्याचे बाबा म्हणतात, कुंबळेने तुटलेल्या जबड्याने बॉलिंग टाकली, मग एवढ्याने काय होतंय? मी कोचला कळवू का? नाही खेळला तर स्कॉलरशिप जाईल का? आणि मी कळवलं तर तो माझ्याशी पुन्हा मोकळेपणाने बोलेल का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी एक घाईचं. हे वाचून होताच त्याला फोन करा आणि एवढंच विचारा: मुंग्या एकाच हाताला आहेत की दोन्ही हातांना? पायांत काही जाणवतंय का? मान वळवताना दुखते का? दोन्ही हातांना किंवा पायांना काही होत असेल, तर प्रश्न मानेतल्या मज्जारज्जूचा असू शकतो. मग शनिवारची वाट बघायची नाही, त्याच तासाला इमर्जन्सीत जायचं.

एकाच हाताला असेल, तर तुम्ही केलेलं वर्णन या खेळातल्या लोकांच्या फार ओळखीचं आहे. ते याला ‘स्टिंगर’ म्हणतात. खांदा खाली दाबला जातो, मान उलट्या बाजूला खेचली जाते आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगा ताणला किंवा चिमटला जातो. बहुतेक वेळा काही मिनिटांत हात पूर्ववत होतो. तुमच्या मुलाचा दोन दिवसांनंतरही झालेला नाही, आणि मला काळजी वाटते ती याची. मी डॉक्टर नाही. पण बधिरपणा पूर्ण गेल्याशिवाय, हाताची ताकद दोन्ही बाजूंना सारखी झाल्याशिवाय आणि मान सगळीकडे मोकळी वळल्याशिवाय खेळाडूला मैदानात सोडत नाहीत, हा त्या क्षेत्रातला सर्वमान्य नियम आहे. तुमच्या मुलालाही तो नक्की माहीत आहे. म्हणून तर तो ‘ठीक आहे’ म्हणाला.

आता कुंबळे. तुमच्या मुलाच्या बाबांचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण मे २००२ मधलं अँटिग्वातलं ते दृश्य आपल्या पिढीच्या मनावर कोरलेलं आहे. डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेलं पांढरं बँडेज, सलग चौदा षटकं आणि लाराची विकेट. पण बाबांना त्यातल्या दोन गोष्टी आठवून बघायला सांगा. जबडा तुटला होता, बॉलिंगचा हात शाबूत होता. आणि ते बँडेज सगळ्या जगाला दिसत होतं. कुंबळेने डॉक्टरांपासून, कप्तानापासून काही लपवलं नव्हतं. शस्त्रक्रियेसाठी बंगलोरला परतायचं हेही ठरलेलं होतं. लपवून खेळण्याचं समर्थन त्या प्रसंगात मला कुठे सापडत नाही. (कुंबळेही मेकॅनिकल इंजिनिअर. हे बाबांना सांगितलंत तर बोलणं जरा सोपं होईल.)

तुमच्या मुलाला मात्र मी कुंबळेपेक्षा त्याच्याच खेळातली एक रात्र आठवायला सांगेन. ७ जानेवारी २०१०, पासाडेनाचं रोझ बोल मैदान, कॉलेज फुटबॉलच्या राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, टेक्सस विरुद्ध अलाबामा. टेक्ससचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय. तोवर ४५ विजय त्याच्या नावावर होते, कॉलेज फुटबॉलच्या वरच्या गटातल्या कुठल्याही क्वार्टरबॅकपेक्षा जास्त. टेक्ससच्या पाचव्याच चालीत त्याला धडक बसली आणि फेकीचा हात निकामी झाला. हाड मोडलं नव्हतं; नस दबली होती, हातात जीवच नव्हता. लॉकर रूममध्ये त्याने वडिलांना समोर उभं केलं आणि बॉल फेकून बघितला. जवळच्या अंतरावरसुद्धा बॉल नीट जाईना. आयुष्यभर ज्या सामन्याची वाट बघितली तो त्याने बाहेरून पाहिला. पहिल्या वर्षाचा गॅरेट गिल्बर्ट त्याच्या जागी खेळला, टीम २१-२४ पर्यंत झुंजली आणि शेवटी २१-३७ अशी हरली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत क्लीव्हलँडच्या संघाने मॅकॉयला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि तो दहा वर्षांहून जास्त काळ त्या लीगमध्ये राहिला.

ही गोष्ट मी खूप घरांत सांगते, त्यातल्या वडिलांसाठी. बॉल झेलायला समोर उभा असलेला बाप त्या खोलीतला पहिला माणूस होता ज्याला खरं कळलं. तुमच्या घरी ती जागा रिकामी आहे, कारण बाबांना बोटांचं नक्की काय झालंय ते मुलाने दाखवलेलंच नाही. त्यांनी शनिवारी सकाळी लवकर पोचावं किंवा आजच व्हिडिओवर त्याला बॉल हातात धरायला सांगावं. फेकताना बॉलला शेवटचा स्पर्श तर्जनीचा असतो. तीच बधिर असेल तर बॉल कुठे जाणार यावर त्याचा ताबा नाही. मग हा प्रश्न हिमतीचा उरत नाही. टीमने ज्या हातावर भरवसा ठेवलाय तो हात तिथे नाही, आणि हे टीममध्ये एकट्या त्यालाच माहीत आहे.

अमेरिकन लॉकर रूममध्ये खेळाडूला एक प्रश्न हमखास विचारतात: तू ‘हर्ट’ आहेस की ‘इंजर्ड’? आपल्याकडे तर हे शब्द सख्खे भाऊ आहेत, दुखणं आणि दुखापत. नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक फुटबॉलपटूचं काही ना काही दुखत असतं. बरगड्या, अंगठे, गुडघे. ते सोसून खेळणं हा त्या खेळाचा भाग आहे, आणि त्याने तसं खेळायलाच नको असं मी म्हणणार नाही. पण दुखणं खेळाडूने सांगायचं आणि दुखापत कुणी दुसऱ्याने ठरवायची, ही वाटणी मोडून चालत नाही. कॉलेजमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमांत आता स्पष्ट आहे की खेळाडूला मैदानात परत पाठवायचं की नाही, याचा अंतिम निर्णय वैद्यकीय मंडळींचा. कोचला तो फिरवता येत नाही. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगते, तिथला ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे, तो शिकलेला, परवानाधारक आरोग्यसेवक असतो. ही सगळी रचना उभी आहे खेळाडूच्या खऱ्या उत्तरावर. त्याने खोटं सांगितलं की नियम कितीही चांगला असो, उपयोग शून्य.

इंजेक्शनचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण बोलणं निघेल म्हणून सांगून ठेवते. सामन्याच्या दिवशी वेदनाशामक देण्याची पद्धत फुटबॉलमध्ये जुनी आहे. वेदना दबते. बधिर नस त्याने जागी होत नाही. उलट शरीर जी सूचना देत होतं तीही बंद होते.

‘एवढा एक मोठा सामना, मग विश्रांती’ असं तो म्हणेल. सगळेच म्हणतात. अलाबामाचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ याचं काय झालं ते त्याला तोंडपाठ असेल. २० ऑक्टोबर २०१९ ला घोट्याची शस्त्रक्रिया, वीस दिवसांत लुइझियाना स्टेटविरुद्धच्या मोठ्या सामन्यात उभा, तो सामना ४१-४६ असा हातचा गेला. पुढच्याच शनिवारी मिसिसिपी स्टेटशी खेळताना अलाबामा ३५-७ असा पुढे होता, मध्यंतर जवळ आलं होतं, आणि त्याचं उजवं नितंबाचं हाड सांध्यातून निसटलं, खोबणीही मोडली. घोट्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांनी परवानगी दिलेली होती. तो सावरला, एप्रिल २०२० मध्ये एनएफएलच्या निवडीत मायामीच्या संघाने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. मला त्यातून वेगळंच दिसतं. मोठा सामना संपला की पुढचा शनिवार येतो, आणि एकदा ‘चालवून घेऊ’ म्हटलं की पुढच्या वेळी नाही म्हणणं अवघड होतं.

आता स्कॉलरशिप, कारण भीतीचं खरं मूळ बहुधा तिथे आहे. एनसीएएच्या डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, ज्या मुदतीसाठी स्कॉलरशिप दिली आहे, त्या मुदतीत दुखापतीमुळे ती कमी किंवा रद्द करता येत नाही. म्हणजे या वर्षीची सुरक्षित आहे. पुढच्या वर्षाचं त्याच्या करारावर अवलंबून आहे. तो कागद आज कपाटातून काढा आणि मुदत एक वर्षाची आहे की जास्त, ते बघा. एक वर्षाची असेल, तर नूतनीकरण होणार की नाही हे कॉलेजने १ जुलैपर्यंत लेखी कळवायचं असतं, आणि नकार आला तर दाद मागता येते. तेव्हा हातात काय असलं पाहिजे? नोव्हेंबरमधल्या दुखापतीची ट्रेनरकडची नोंद. आज ‘ठीक आहे’ म्हणून तो स्वतःच्या बाजूचा पुरावा पुसतोय, हे त्याला कळलेलं दिसत नाही. पुढे विम्याचं काही निघालं तरी पहिला प्रश्न हाच येईल, की खेळताना झालं तर तेव्हा नोंद का नाही?

खेळण्याच्या वर्षांचा हिशेबही साधा आहे. हा हंगाम त्याचा वापरून झालाय. शेवटचा सामना खेळला काय, न खेळला काय, त्यात फरक नाही. पुढचा हंगाम ऑगस्टच्या शेवटी. मध्ये नऊ महिने आहेत. नस सैल होऊन पुन्हा नीट काम करायला लागेल एवढा अवधी बहुधा पुरतो, पण तिला पुन्हा तोच मार बसला नाही तरच.

आणि त्यानंतरचं आयुष्य. दरवर्षी कॉलेजमधले सुमारे १६ हजार फुटबॉलपटू एनएफएलच्या निवडीला पात्र होतात, सात फेऱ्यांत जागा अडीचशेच्या आसपास. हे आकडे त्याला तोंडावर मारू नका. वीस वर्षांच्या मुलाला स्वप्न असू द्यावं. पण तो मेकॅनिकल करतोय, पुढच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप बघेल, त्याच हाताने लिहील, त्याच बोटांनी मशिनवर काम करेल. अँड्र्यू लकचं नाव त्याच्याकडे काढून बघा. स्टॅनफर्डमधून आर्किटेक्चर शिकलेला हा क्वार्टरबॅक २०१५ मध्ये खांदा दुखावल्यावरही खेळत राहिला, २०१७ चा अख्खा हंगाम गमावून बसला आणि २०१९ मध्ये एकोणतिसाव्या वर्षी निवृत्त झाला. २०२४ च्या शेवटी तो स्टॅनफर्डच्याच फुटबॉलचा जनरल मॅनेजर म्हणून परतला. खेळाशी नातं ठेवायला मैदानात असावंच लागतं असं नाही, हे मुलांना आपण सांगितलं की पटत नाही, लकसारख्याकडे बघितलं की पटतं.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न, आणि मला वाटतं पत्र त्यासाठीच लिहिलंय. कोचला फोन करू नका. मुलाला करा. सांगा की शपथ घेतली तेव्हा मला हे काय आहे ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे, म्हणून ती मी पाळणार नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत तू स्वतः ट्रेनरला सांग. तोवर मी कुणाशी बोलणार नाही. गुरुवारी सकाळी मी ट्रेनरच्या ऑफिसला फोन करेन. हे पाठीमागून करायचं नाही, आधी सांगून करायचं. तो सज्ञान असल्यामुळे कॉलेज त्याच्या तब्येतीबद्दल तुम्हाला काही सांगणार नाही, पण तुम्ही सांगितलेलं ऐकून घ्यायला त्यांना कुठलाही कायदा अडवत नाही. कोचऐवजी ट्रेनरच, कारण निर्णय त्यांचा आहे.

तो रागावेल. कदाचित दिवाळीचा उरलेला फराळही परत पाठवेल. वीस वर्षांचा मुलगा डाव्या हाताने कॉफी पिताना कॅमेऱ्यासमोर बसतो, तेव्हा त्याला ते आईच्या नजरेला पडावं असं कुठेतरी वाटत असतं. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच मुलांनी ‘कुणाला सांगू नका’ हे अशाच माणसाला सांगितलेलं होतं जो गप्प बसणार नाही.

चौदा तिकिटं रद्द करू नका. तपासणीत हात ठीक निघाला तर तो खेळेल आणि तुम्ही निर्धास्तपणे बघाल. नाही निघाला, तर दुसऱ्या क्रमांकाच्या पोराला दर चालीआधी समोरची बचावफळी काय करणार हे सांगायला कडेला उभं राहणारा त्याच्याइतका तयार माणूस टीममध्ये नाही. दोन वर्षं त्याने बाकावरून तेच पाहिलंय. त्याच्या आजीला कुठे बसवायचं ते बघा, पेनसिल्व्हेनियात त्या आठवड्यात थंडी असते. आणि बुधवारी रात्री मला चार ओळी कळवा.