रविवारची सोलापूर गाडी

‘आम्ही काय कमी केलं, ते तरी सांगा.’ खुर्चीत बसता बसताच त्यांनी विचारलं. मुलीला बाहेर बाकावर बसवून त्या समुपदेशनासाठी एकट्याच माझ्याकडे आत आल्या होत्या.

पन्नाशीच्या आतबाहेरच्या बाई, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या. बाल कल्याण समितीच्या आदेशाने त्यांनी नि त्यांच्या यजमानांनी अकरा वर्षांची एक मुलगी प्रतिपालक म्हणून, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, घरी आणली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलीचे वडील वारलेले. आई तिला चुलतीकडे सोडून कामासाठी सोलापूरला गेली आणि पुढे तिचा पत्ता लागेना. चुलतीने हात वर केले, मग काही महिने बालगृह, मग हे घर. मुलगी यांना मावशी म्हणे. चार महिन्यांत एकदाही उलट बोलली नव्हती, अभ्यासात बरी होती. फक्त दर रविवारी दुपारी ‘मैत्रिणीकडे जाते’ म्हणून निघायची आणि एसटी स्टँडवर जाऊन बसायची. आई निघताना म्हणाली होती, ‘रविवारी येते.’

मावशींना हे भाजीवाल्याकडून कळलं. ‘गावभर बोलणं झालं असेल. आणि बोलताना नेहमी तुमच्या घरी, तुमच्या फ्रिजमध्ये. आमचं असं काही नाहीच तिला.’ डोळे पुसून त्या पुढे म्हणाल्या, ‘जिने टाकलं तिची वाट बघते, आणि जी करते ती परकी.’

प्रतिपालकांकडून ही तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकते. बाहेरून टोमणे असतातच. सरकारच्या बालसंगोपन योजनेचे महिना २२५० रुपये मिळतात म्हटल्यावर ‘पैशासाठी ठेवलीय’ म्हणणारेही भेटतात. वाढत्या मुलाचा महिना त्यात निघतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा हिशेब मांडून बघावा. पण त्याहून आतला सल हाच असतो, की मूल आपलं होत नाही.

मावशींना त्या दिवशी मी सल्ला दिला नाही, एक गोष्ट सांगितली. कॅथरीन पॅटरसन या अमेरिकन लेखिकेची १९७८ मध्ये आलेली, मुलांसाठीची कादंबरी आहे, ‘द ग्रेट गिली हॉपकिन्स’. गिलीही अकरा वर्षांचीच. या घरातून त्या घरात फिरून कडवट झालेली. ट्रॉटर नावाच्या जाडजूड, अघळपघळ, मायाळू बाईंकडे ती येते आणि मिळेल तेवढा त्रास देते. दूर राहणाऱ्या सुंदर आईच्या फोटोवर तिचा जीव. आईने न्यावं म्हणून ती या घराविषयी वाट्टेल ते खोटं लिहून पत्र पाठवते. पुढे ती ट्रॉटरबाईंच्या घरात रुळते, जीव लावते, आणि नेमकं तेव्हा त्या पत्राचं फळ समोर येतं. आजी तिला न्यायला येते. आई विमानतळावर भेटते खरी, पण आजीने पैसे पाठवले म्हणून आलेली. गिली रडत ट्रॉटरबाईंना फोन करते, मला घरी यायचंय म्हणते. त्या तिला समजावतात, की तुझं घर आता आजीकडे आहे.

मावशी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘बाईंनी बोलवायला हवं होतं तिला. माझ्याने नसतं झालं.’

‘प्रेम नव्हतं म्हणून नाही बोलवलं का?’

‘नाही हो. जीव तुटला असेल.’

ट्रॉटरबाईंनी त्या मुलीला कुणा एकाची निवड करायला लावलं नाही, मी म्हटलं. स्वतः पॅटरसन यांनी काही काळ प्रतिपालक म्हणून दोन मुलं सांभाळली होती. तेव्हा ‘थोड्याच दिवसांचं तर आहे’ म्हणून आपण हात राखून वागलो, ही बोच त्यांना लागली आणि त्यातून हे पुस्तक झालं. माझ्यासमोरच्या बाईंनी हात राखला नव्हता. त्या आईशी बरोबरी करत होत्या, आणि त्यात दमत होत्या.

कायद्यानेही इथे आईची जागा रिकामी होत नाही. दत्तकात जुनं कायदेशीर नातं संपतं, प्रतिपालकत्वात संपत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनुसार दोन वर्षांनी प्रतिपालकांना दत्तकाचा विचार करता येतो, पण त्याआधी समितीने मूल दत्तकासाठी मुक्त असल्याचं जाहीर करावं लागतं. कागदावर जी आई आहे, ती मुलीच्या मनातून चार महिन्यांत कशी जाईल?

मग मुलीशी एकटीशी बोलले. स्टँडचं विचारल्यावर तिने बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

‘आई आली आणि मी नसले तर?’

मला वाटलं होतं, ती या घरातून निघून जायची वाट बघतेय. तिला भीती होती ती चुकामूक होण्याची. चुलतीचं घर सुटलं, बालगृह सुटलं. आईला तिचा ठावठिकाणा कोण सांगणार?

यावर समजुतीचे शब्द कामाचे नव्हते. तिने स्वतःच्या अक्षरात नवा पत्ता आणि काकांचा मोबाइल नंबर तीन कागदांवर लिहिला. एक जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या अधिकाऱ्यांनी तिच्यासमोर फाइलला लावला, एक बालगृहाच्या अधीक्षकांकडे गेला, एक चुलतीकडे. आईचा शोध कुठवर आला ते महिन्याला तिला सांगायचं ठरलं, काही नसेल तर ‘काही नाही’ असंच. मावशींना एवढंच म्हटलं, की स्टँड बंद करू नका, तिच्याबरोबर जा.

पहिल्या दोन रविवारी त्या फलाटावर अवघडून बसल्या, मुलगी चार हात लांब. तिसऱ्या रविवारी डब्यात थालीपीठं नेली. आईविषयी विचारलं तेव्हा मुलगी पहिल्यांदा भरभरून बोलली. आई केसांना तेल लावताना दुखवायची, हेसुद्धा.

अडीच महिन्यांनी दोघी पुन्हा आल्या. आईचा पत्ता अजून लागलेला नाही. स्टँडवर जाणं चालू आहे, मात्र दर रविवारी नाही. चौकशी खिडकीतल्या वाहतूक नियंत्रकांनी एकदा मुलीला विचारलं, ‘या कोण गं?’

‘काय म्हणाली?’ मी मावशींना विचारलं.

‘आमच्या घरच्या आहेत, म्हणाली.’