‘कटऑफ’ कापायचा की उघडायचा?

गोव्यातील डिचोलीच्या एका तरुण वादकाचा प्रश्न आहे. घुमट या चामडे ताणलेल्या मडक्याच्या वाद्यावर गायल्या जाणाऱ्या आरतीच्या ध्वनिमुद्रणाखाली तो लॅपटॉपवरच्या सिंथेसायझरचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) स्वर धरतो आणि साथीदारांसाठी सूचना मराठीत लिहितो. आवाजातली काही कंपने कमी करणाऱ्या फिल्टरला ‘गाळणी’, ती जिथून कमी होऊ लागतात त्या कटऑफ बिंदूला ‘छेद’ आणि त्या बिंदूजवळची कंपने उचलणाऱ्या रेझोनन्सला ‘अनुनाद’ म्हणावे का?

‘गाळणी’ कानाला गोड लागते, पण ‘गाळणे’ या क्रियापदाला दोन तोंडे आहेत. चहा गाळला की खाली आला तो आपला, वर राहिला तो चोथा. ओळ गाळली की मात्र ती ओळच गेली. मग ‘१००० हर्ट्झच्या वरचे गाळ’ असे लिहिले तर साथीदाराने काय समजायचे? वरची कंपने ठेवायची की टाकायची? लो-पास फिल्टर ती टाकतो, हाय-पास ठेवतो, आणि हे वाक्य दोघांनाही बसते. सूचनेत असा शब्द नको.

‘छेद’ तर मला चुकीचाच वाटतो. कटऑफ म्हणजे सुरीचा घाव नव्हे. त्या बिंदूवर आवाज साधारण ३ डेसिबेलनेच उतरलेला असतो, पुढे दर सप्तकाला १२ किंवा २४ डेसिबेल असा घसरत जातो. त्या घसरणीला ‘उतार’ म्हणावे, चपखल आहे. पण नॉब फिरवताना कानाला काय जाणवते? तोंड उघडल्यासारखे, झाकल्यासारखे. घुमट वाजवणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको: एका हाताची थाप चामड्यावर, दुसऱ्याचा तळवा मडक्याच्या उघड्या तोंडावर. झाकले की नाद दबतो, हात काढला की मोकळा होतो. तबल्यातही खुले आणि बंद बोल आहेतच. तेव्हा नाम ‘कटऑफ’च राहू द्यावे, पडद्यावर तेच दिसते. क्रियापद मात्र ‘उघड’ आणि ‘झाक’.

‘अनुनाद’ भौतिकीच्या पुस्तकात योग्य. तालमीत मी ‘घुमारा’ म्हणेन. रेझोनन्स वाढवला की कटऑफच्या आसपासची कंपने उचलली जातात, हेच तर घुमणे. फरक इतकाच की घुमटाचा घुमारा बराचसा मडक्याच्या घडणीने ठरतो, फिल्टरचा कटऑफबरोबर सरकतो. आणखी एक जपायला हवे. घुमारा म्हटले की खर्ज भरेल असे वाटते, पण सिंथेसायझर घडवणारे रॉबर्ट मूग यांना १९६९ साली पेटंट मिळालेल्या लॅडर फिल्टरमध्ये तो वाढवला की खर्ज उलट पातळ होतो. त्या फिल्टरवर बेतलेल्या सॉफ्टवेअरमध्येही बहुधा हेच ऐकू येते. फारच वाढवला तर काही फिल्टर आपणहून शीळ घालतात. तिथे ‘शीळ’ असेच लिहावे.

मग सूचना अशी होईल: ‘दुसऱ्या कडव्यापासून कटऑफ हळूहळू उघड. घुमारा कमी ठेव, घुमटाच्या नादावर चढू देऊ नकोस.’ साथीदार वयाने मोठे असतील तर अर्थातच ‘उघडा’ आणि ‘ठेवा’.